आधी तिथं काय होतं?

(संघटनेच्या मुळशी तालुका शिबिरात पौडला झालेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, थोडं आवरून घेतलं आहे.)



काल रात्री धरणाच्या वरच्या अंगाला एका कातकरी वाडीवर मुक्काम होता. जेवणं झाली, अंगणात बसलो होतो, डोक्यावरून विमान गेलं. शेजारची आजी म्हणाली, "ह्ये उतरतं कुठं?" म्हटलं, "लोहगावला." आजीनं लगेच दुसरं विचारलं, "मंग तिथं आधी काय व्हतं?"

आज मी आजीच्या त्या दुसऱ्या प्रश्नावर बोलणार आहे. विमानात आपल्यातलं कोणी बसलेलं नाही, तरी विमानतळाची गोष्ट आपल्या कामाची आहे. कशी, ते शेवटी कळेल.

लोहगाव म्हणजे तुकाराम महाराजांचं आजोळ. महाराज तिथं कीर्तनाला जायचे. त्या गावाच्या शिवारात १९३९ साली इंग्रजांच्या हवाई दलानं विमानतळ केला. महायुद्धाचा काळ होता, मुंबईचं हवेतून रक्षण करायचं होतं. स्पिटफायर, मॉस्किटो, वेलिंग्टन अशी विमानं तिथून उडायची. १९४७ ला ताबा आपल्या वायुदलाकडे आला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा सोडवायच्या वेळी पुण्याहून कॅनबेरा विमानं गेली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. १९९७ मध्ये रशियाची सुखोई विमानं देशात आली, ती पहिल्यांदा इथंच ठेवली. आजही लोहगाव हा लष्करी तळच आहे.

देशाला सैन्य लागतं, सैन्याला विमानतळ लागतो. त्याला आपला विरोध नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर उद्या कोणीतरी उठून आपल्याला देशद्रोही म्हणायचं. आपला प्रश्न साधा आहे. जमीन कोणाची गेली, कुठल्या कागदावर गेली, आणि काम संपल्यावर ती कोणाकडे आली?

आता लोहगावचं पुढचं ऐका. पुण्याहून मुंबई-दिल्लीला जाणारी प्रवासी विमानं याच लष्करी धावपट्टीवरून उडतात. प्रवाशांची इमारत विमानतळ प्राधिकरणाची, धावपट्टी वायुदलाची. म्हणजे ओसरी एकाची आणि अंगण दुसऱ्याचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये वायुदलानं धावपट्टी दुरुस्तीला काढली, तर १४ दिवस सगळी प्रवासी विमानं बंद होती. २०२४ मध्ये नवी मोठी इमारत सुरू झाली, पण धावपट्टी तीच. मग पुण्याचे उद्योगवाले म्हणतात, आम्हाला वेगळा विमानतळ पाहिजे.

तो कुठं? पुरंदर तालुक्यात. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, ही सात गावं. यातली खानवडी म्हणजे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. पहिला विमानतळ तुकोबांच्या आजोळी, दुसरा फुल्यांच्या गावी. २०१६ पासून ही गावं झगडत आली. मे २०२५ मध्ये ड्रोनची मोजणी आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि लाठ्या खाल्ल्या. पुढं बऱ्याच जणांनी संमती दिली. त्यांना दोष देऊ नका, दहा वर्षं टांगती तलवार डोक्यावर घेऊन शेती होत नाही. पण एक बघा. तिथं जमीन घ्यायचं ठरलं ते एमआयडीसीच्या कायद्याखाली. म्हणून पहिला धडा: नोटीस आली की किती पैसे देणार हे नंतर विचारा, आधी विचारा, कुठल्या कायद्याखाली घेता?

याचं कारण नेवाळीत दिसतं. कल्याणजवळ, हाजी मलंगच्या डोंगराखाली नेवाळी आहे. महायुद्धात इंग्रजांनी तिथल्या गावांची जमीन विमानतळासाठी घेतली. शेतकरी सांगतात, लढाई संपली की परत देतो असं तेव्हा म्हणाले होते. लढाई १९४५ ला संपली. विमानं गेली, धावपट्टीत गवत उगवलं. लोक पुन्हा नांगर घालू लागले, भात पिकवू लागले. दोन-तीन पिढ्या अशा गेल्या. मग नौदलानं कुंपणाची भिंत घालायला घेतली, कारण सरकारी दप्तरात जमीन संरक्षण खात्याची. २२ जून २०१७ ला लोकांचा संताप उसळला. रस्ते अडवले, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, पोलिसांनी छर्रे मारले. कितीतरी पोरांवर केसेस झाल्या.

तिथल्या भांडणाचं मूळ एका शब्दात आहे. कायद्यात दोन शब्द आहेत, नीट लक्षात ठेवा. एक अधिग्रहण, म्हणजे सरकारनं जमीन तात्पुरती वापरायला घेतली, मालक तुम्हीच. दुसरा संपादन, म्हणजे जमीन कायमची गेली, मालकी सरकारची. इंग्रजांना युद्धाच्या कायद्यानं पहिलं करता येत होतं आणि १८९४ च्या कायद्यानं दुसरं. म्हाताऱ्यांनी तोंडी ऐकलं पहिलं, दप्तर म्हणतं दुसरं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी नातू कोर्टात उभा राहिला की जज्ज काय विचारणार? आज्याला साहेब काय बोलला हे नाही विचारणार. कागद विचारणार.

आता आपल्या मुळशीकडे या. तोच १८९४ चा कायदा इथं टाटांच्या धरणासाठी वापरला. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, हे तुम्ही ऐकलंय. शेवट कसा झाला हे कमी वेळा सांगतात. सातबाऱ्याच्या जागी तेव्हा जे दप्तर होतं, त्यात बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांनी मोबदला घेतला आणि लढा मोडला. कसणारा कुळ बाजूला राहिला. आणि कातकरी? त्याचं नाव तर कुठंच नव्हतं. त्याची वाडी बुडाली तरी कागदावर काहीच बुडालं नाही.

म्हणून आजीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: आधी काय होतं, हे ज्याचं लिहिलेलं असतं तेच होतं असं सरकार मानतं.

दादांनो, आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. जुन्नर-आंबेगावच्या काही गावांना ते संरक्षण आहे, आपल्याला नाही. २०१३ च्या नव्या कायद्यात तातडीचं कलम ठेवलंच आहे, संरक्षणाच्या कामाला ते लावता येतं. घेतलेली जमीन पाच वर्षं न वापरता पडून राहिली तर मूळ मालकाला परत द्यावी, असंही त्यात आहे. पण पुढं "किंवा सरकारच्या जमीन बँकेत टाकावी" असंही आहे. त्या "किंवा"मध्ये एक अख्खं गाव मावतं. त्याच कायद्यात एक चांगली गोष्टही आहे. जमीन नावावर नसली तरी तीन वर्षं तिथं राहून मजुरी करणारं कुटुंब बाधित धरलं जातं. पण तीन वर्षं राहिलात हे दाखवायचं कशानं?

म्हणून घरी जाऊन तीन कामं करा.

पहिलं. वनजमीन कसत असाल तर वनहक्काचा दावा टाका. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा लागतो. ग्रामसभेची वनहक्क समिती दावा घेते, तिची पोच मागा. वडीलधाऱ्या माणसाचा जबाब हाही पुरावा आहे. म्हातारी माणसं आहेत तोवर जबाब लिहून घ्या, त्यांच्याबरोबर पुरावा मसणात जाऊ देऊ नका. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणी उठवू शकत नाही.

दुसरं. वाडीची जागा दुसऱ्याच्या मालकीत असेल तर गावठाण मागा. जमीन महसूल कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे कलेक्टरला ते ठरवता येतं. अर्ज एकट्यानं नको, सगळ्या वाडीनं मिळून द्या.

तिसरं. कोणी साहेब, कोणी एजंट येऊन म्हणाला, "तात्पुरतं आहे, फक्त मोजणी आहे, सही करा," तर एवढंच म्हणा, "साहेब, हे लिहून द्या." लिहून देत नसेल तर अंगठा देऊ नका.

आज सकाळी निघताना आजी म्हणाली, "माझं लिवून घे. आमी हितं कवापास्नं हाय ते मला ठावं हाय." तीन पानं भरली. पंचांसमोर वाचून दाखवली आणि आजीनं अंगठा दिला. प्रत्येक वाडीवर एक वही काढा. पुढच्या शिबिराला येताना ती वही घेऊन या.

जिंदाबाद.