यंत्र सर्वांचें, हिशेब ज्याचा त्याचा

आरंभीं ज्या कारखान्यानें वीज घेतली त्याची सरशी झाली. पुढें ती सर्वत्र पोहोंचली आणि सरशी संपली. संगणकाचेंही तसेंच होत आहे, असें निकोलस कार यांनीं २००३ सालीं ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकांत प्रतिपादिलें. तें कितपत खरें?

अमेरिकन एअरलाइन्स या विमानकंपनीनें आयबीएमच्या साह्यानें ‘सेबर’ ही जागा राखून ठेवण्याची यंत्रणा उभारली. १९७६ पासून ती प्रवासी तिकिटें विकणाऱ्या दलालांकडे बसूं लागली. पडद्यावर कंपनीचींच विमानें आधीं दिसत. १९८४ सालीं तेथील सरकारनें हा पक्षपात निषिद्ध केला. आज अशी यंत्रणा लहान कंपनीसही भाड्यानें मिळते.

तरीही कार यांचें म्हणणें अर्धेंच खरें. कोणत्या दिवशीं किती जागा स्वस्त द्याव्या, हें साठलेल्या नोंदींवरून ताडण्याची विद्या त्या कंपनीनें कमावली, आणि १९८५ सालीं स्वस्त भाड्याच्या पीपल एक्सप्रेसशीं झुंजतांना तीच कामास आली. यंत्र भाड्यानें मिळतें, ही विद्या मात्र स्वतःच कमवावी लागते.

घरीं मुलांस संगणक अवश्य घेऊन द्यावा. परंतु पाटी साऱ्या वर्गापाशीं असे, तरी गणित सर्वांचें सुटत नसे, हें पालकांनीं विसरूं नये.