पोटविकारतज्ज्ञ घडताना: प्रबंधाचं पुढे काय होतं?

पोटाचा डॉक्टर घडायला किती वर्षं लागतात, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. एमबीबीएस, मग एमडी, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि त्यानंतर डीएम किंवा डीआरएनबीची आणखी 3 वर्षं. या शेवटच्या 3 वर्षांत निवासी डॉक्टर एंडोस्कोपी शिकतो, रक्ताच्या उलट्या होणारे रुग्ण रात्री-अपरात्री सांभाळतो आणि त्यातच त्याला काहीतरी संशोधनही करायचं असतं. कुठे त्याला प्रबंध म्हणतात, कुठे प्रकल्प. बहुतेक वेळा त्याचं बाड बांधून होतं, सह्या होतात, ते कपाटात जातं आणि डॉक्टर प्रॅक्टिसला लागतो. या तरुणांना संशोधनाची संधीच मिळत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. संधी आपल्या वॉर्डांत हवी तेवढी पडून आहे. खोट आहे ती दर तुकडीने कोऱ्या पाटीवरून सुरुवात करण्याच्या आपल्या रिवाजात.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्यातला मुद्दा निसटतो. 1981 साली बॅरी मार्शल रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षण घेत होता आणि त्याला एक प्रकल्प हवा होता. त्याच रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरेन 1979 पासून जठराच्या बायॉप्सीत दिसणाऱ्या वाकड्या जिवाणूंची नोंद ठेवत होते. मार्शलने ते काम पुढे नेलं आणि 1982 मध्ये दोघांनी मिळून 100 रुग्णांचा अभ्यास केला. जिवाणू काही केल्या वाढेना, कारण प्रयोगशाळेत बशा 2 दिवसांनी फेकून देत. ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहून गेल्या आणि त्यांत जिवाणू वाढलेला दिसला. पुढे मार्शलने तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला, ही गोष्ट आपण रंगवून सांगतो. जठराच्या व्रणामागे हा जिवाणू असतो, या शोधासाठी 2005 चं नोबेलही दोघांना मिळालं. पण वॉरेनच्या त्या आधीच्या नोंदी नसत्या, तर त्या तरुणाला सुरुवात कुठून करायची हेच कळलं नसतं.

हे ऑस्ट्रेलियात घडलं, आपल्याकडे कुठून घडणार, असं म्हणाल तर काविळीची गोष्ट पाहा. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेतून येणाऱ्या पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आणि 29,000 हून अधिक लोकांना कावीळ झाली. ती नेहमीची दूषित पाण्याची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, असंच पुढची कितीतरी वर्षं मानलं गेलं. मात्र त्या साथीतले रक्ताचे नमुने कुणीतरी जपून ठेवले होते. 1980 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून ते तपासले, तेव्हा हा आजार एही नव्हता आणि बीही नव्हता, असं दिसलं. त्याच वर्षी मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधल्या 1978-79 च्या साथीवरून हाच निष्कर्ष छापला. घरोघरी चौकशी, पाणी कुठून येतं याचा माग आणि रक्ताचे नमुने, एवढीच त्यांची सामग्री. आज आपण ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतो, तो विषाणू असा नजरेत आला. त्यासाठी झगमगीत यंत्रं लागली नाहीत, नीट लिहिलेले कागद आणि जपलेल्या बाटल्या लागल्या.

आता आजचा प्रश्न घेऊ, कारण आपल्याकडच्या शिकाऊ डॉक्टरसाठी याहून सुपीक जमीन मला दिसत नाही. छोटं आतडं मोठ्या आतड्याला मिळतं, तो उजव्या कुशीतला कोपरा. तिथे व्रण दिसला, वजन उतरलंय, अधूनमधून ताप आहे, तर तो आतड्याचा क्षय की क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणणारा दीर्घकाळचा आजार? दोन्हींत पोट दुखतं, दोन्हींत बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा सापडू शकतो आणि क्षयाचे जंतू तुकड्यात दिसतीलच याची खात्री नसते. क्षय असताना क्रोन्सचं स्टेरॉइड दिलं तर आजार उसळतो. क्रोन्स असताना महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली तर आतडं अरुंद होत जातं. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांना हा पेच फारसा पडत नाही, कारण तिथे क्षय विरळ. आपल्याकडे पुष्कळदा क्षयाची औषधं सुरू करून साधारण 2 महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात आणि व्रण भरला का ते पाहतात. पण पहिल्या रिपोर्टवर नुसतं ‘व्रण आढळले’ एवढंच लिहिलं असेल, व्रण आडवा की उभा, किती सेंटिमीटरचा, दोन्ही आतड्यांमधली झडप उघडी पडली होती का, फोटो कुठे आहे, यांतलं काहीच नसेल, तर दुसऱ्या खेपेला ताडून कशाशी पाहायचं? या एका रिपोर्टचा नमुना नीट ठरवणं हेसुद्धा संशोधनच आहे. शिस्तीने प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, हेही याच आजाराने दाखवलं आहे. क्षयाची औषधं 6 महिने पुरतात की 9 हवीत, यावर भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून 197 रुग्णांवर चाचणी केली. 2015 मध्ये छापून आलेल्या त्या चाचणीत 6 महिने तितकेच परिणामकारक ठरले. म्हणजे रुग्णाच्या 3 महिन्यांच्या गोळ्या वाचल्या.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. सकाळी ओपीडी, दुपारी स्कोप, रात्री इमर्जन्सी. माणसाने प्रबंध लिहायचा कधी? शिवाय रुग्णाच्या पोटात दुर्बीण घालायला शिकणं हे त्याचं पहिलं काम, हेही मान्य. पण म्हणूनच संशोधन रोजच्या कामातून निघायला हवं. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले 6 रुग्ण 2021 मध्ये नोंदवले, आणि नंतर 13 केंद्रांच्या अभ्यासात असे 43 रुग्ण निघाले. रुग्णाला ‘घरचं काही घेता का?’ हे विचारून ते कागदावर उतरवणं, एवढ्यावर ही नोंद उभी राहिली. ती वेल खरोखर गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो घेणं रास्तच होतं, आणि त्याला उत्तर द्यायचं तर काड्यांची पुडी तपासणीसाठी मागून ठेवायला हवी. हे काम रात्रपाळीचा रजिस्ट्रारच करू शकतो, प्राध्यापक नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 3 वर्षांत एका डॉक्टरला रुग्ण मिळून मिळून किती मिळणार, आणि पाठपुरावा कितीसा होणार? थोडक्या रुग्णांवरचा निष्कर्ष बहुधा हवेतच राहतो, हे कबूलच करायला हवं. मात्र ही मर्यादा एका डॉक्टरची आहे, विभागाची नाही. विभागाने एकच प्रश्न 10 वर्षं धरला, एकच नोंदवही ठेवली, तर पहिली तुकडी व्रणांचं वर्णन करील, दुसरी उपचारांचा परिणाम पाहील, तिसरी परत येणारे आणि न येणारे रुग्ण शोधील. प्रत्येकाचा विषय स्वतंत्र हवा, ही विद्यापीठाची अट त्यात मोडत नाही. पैशाचं म्हणाल तर प्रबंधासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं अर्थसाहाय्य आहे, आणि अशा नोंदवहीला फार पैसा लागतही नाही. सक्तीने शोधनिबंध छापायला लावले की पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावतात. तेव्हा शोधनिबंधांची संख्या मोजण्यापेक्षा, या डॉक्टरने पुढच्यासाठी वापरण्याजोगी नोंद मागे ठेवली का, एवढं परीक्षकांनी तपासावं.

राहता राहिली नावाची अडचण, जिच्याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही. पहिल्या तुकडीने 3 वर्षं नोंदी केल्या आणि निबंध छापला तिसऱ्या तुकडीने, तर पहिल्यांचं नाव कुठे? आज बहुधा कुठेच नसतं, म्हणून दुसऱ्याच्या नोंदवहीत मन लावून कुणी लिहीत नाही. नैतिकता समितीकडे अर्ज जातो, त्याच दिवशी लेखकांच्या नावांचा नियमही लेखी ठरवून विभागप्रमुखांनी त्यावर सही करावी.