प्रौढपण आणि वार्धक्य : वाढीचा उत्तरार्ध

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे मुलांविषयी बोलावयाचे, असा आपला प्रघात आहे. मुलांची उंची मोजली जाते, वजन घेतले जाते, गुणपत्रिका तर वर्षातून दोनदा घरी येते. आज मी मुलांना येथे घेऊन आलेल्यांविषयी आणि ज्यांना घर राखायला ठेवून आपण आलो त्यांच्याविषयी बोलणार आहे. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतले आईबाप आणि साठी ओलांडलेले दादा-दादी, नाना-नानी. माणसाची वाढ कितव्या वर्षी थांबते, हा आजचा प्रश्न आहे.

हाडांची वाढ विशीच्या आसपास थांबते, हे खरे. मनाचेही तसेच असावे असे आपण गृहीत धरतो, आणि त्यासाठी ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तयारच असते. दादी चष्मा कोठे ठेवला ते विसरली की म्हण आठवते. नातू दप्तर विसरला की मात्र बिचाऱ्यावर अभ्यासाचा ताण आहे असे आपण म्हणतो. विसरणे तेच, पण निकाल वेगळा. घरची वाट विसरणे, रोजची माणसे न ओळखणे ही आजाराची लक्षणे आहेत. तेथे म्हण न ऐकवता डॉक्टर गाठावा. बाकीचे पुष्कळसे वयाचे साधे मंदावणे असते.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली बालपण आणि समाज या विषयावरील आपल्या ग्रंथात माणसाच्या आयुष्याचे जन्मापासून मृत्यूपर्यंत आठ टप्पे मांडले. त्यापूर्वीचे फ्रॉइडसारखे विद्वान कुमारवयापाशी येऊन थांबत असत. एरिक्सन म्हणाला की प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक पेच उभा राहतो. सातवा टप्पा साधारण चाळीस ते पासष्टचा. त्यातला पेच असा की, मागून येणाऱ्यांसाठी काही घडवावयाचे, की आपल्यापुरते साचून राहावयाचे? यात केवळ पोटची मुले वाढविणे येत नाही. हाताखालच्या पोराला इंजिन खोलायला शिकविणारा गॅरेजवाला, गावच्या कामाची हिशेबवही सांभाळणारा दुकानदार, शेजारच्या मुलीचा दाखला मिळवून देण्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालणारी मावशी, ही सारी या टप्प्याचे काम करीत असतात. आठवा टप्पा त्यापुढचा. जगलेल्या आयुष्याची जमाबेरीज करून ‘हे माझे, आणि मला ते मान्य आहे’ असे म्हणता येते, की नुसती हळहळ उरते, हा त्यातला पेच. एरिक्सनच्या पत्नीने, जोन एरिक्सन यांनी, स्वतः नव्वदी ओलांडल्यावर १९९७ साली त्यात नवव्या टप्प्याची भर घातली, कारण शरीरच साथ सोडू लागते तेव्हाचे प्रश्न निराळे असतात, हे त्या स्वतः अनुभवीत होत्या.

हे सर्व परदेशी पुस्तकातले वाटेल. म्हणून आपल्याकडचे चित्र पाहा. आसनगाव, वाशिंदचा पन्नाशीचा बाप पहाटेची लोकल धरतो आणि रात्री परततो. मुरबाडच्याला तर आधी एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. मुलगा कोणत्या इयत्तेत आहे हे त्याला ठाऊक असते, पण तो कशाला घाबरतो हे ठाऊक नसते. दुसरा बाप आखातात वीस वर्षे काढून कायमचा परततो. घर त्याच्या पैशावर उभे राहिले, पण त्याच्यावाचून चालायला शिकले. आता हा घरात बसतो तर बायकोच्या कामात अडथळा, मुलांना पाहुणा. त्याला वाटते आपली किंमत फक्त ड्राफ्टपुरती होती. आईचेही तसेच. मुली सासरी गेल्या, मुलगा भिवंडीला नाहीतर मुंबईला, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तिला दुपारी काय करावे ते सुचत नाही. हा आळस नव्हे. आयुष्याने काम बदलायला सांगितले आहे आणि नवे काम काय, ते कोणी सांगितलेले नाही.

आणखी एक दृश्य बाजारपेठेत हमखास दिसते. सत्तरीचे वडील दुकानात गादीवर बसलेले आणि गल्ल्याची किल्ली त्यांच्या कमरेला. पंचेचाळिशीचा मुलगा पोती मोजतो. उधारी कोणाला द्यावी हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. पुढे एक दिवस वडील आजारी पडतात, किल्ली एकदम मुलाच्या हाती येते, आणि मग वडिलांना दुकानात कोणी काही विचारतच नाही. माझ्या मते दोन्ही चुकते. मुलाला त्याच्या वयाचे काम मिळाले नाही, आणि वडिलांना सल्ला देणाऱ्याच्या जागी शांतपणे सरकता आले नाही. किल्ली द्यायची ती हातपाय धड असताना द्यावी. आणि घेणाऱ्याने रोज संध्याकाळी पाच मिनिटे शेजारी बसून ‘अब्बा, या गिऱ्हाइकाला माल द्यावा का?’ असे विचारावे. उत्तर पाळले नाही तरी चालते. विचारणे थांबू नये.

आता मी आपल्याच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे या छोट्या गावाकडे येतो. २०१६ साली तेथे शिवजयंतीच्या निमित्ताने गावातल्या बायका पोथी वाचत होत्या. वाचणाऱ्या सुना होत्या. सासवा ऐकत होत्या. त्यांच्यातल्या काहींनी बोलून दाखविले की आम्हालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते. असे उद्गार आपल्या घरीही रोज निघतात आणि वाऱ्यावर जातात. येथे ते जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ऐकले. मोतीराम दलाल यांच्या नावाच्या धर्मादाय ट्रस्टचे साहाय्य त्यांनी मिळविले आणि त्याच वर्षी ८ मार्चला, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली.

विद्यार्थिनी तीसच्या आसपास, वये साठपासून नव्वदपर्यंत. गणवेश गुलाबी लुगडे. पाठीवर दप्तर, दप्तरात पाटी-पेन्सिल. वेळ दुपारी दोन ते चार. या वेळेकडे पालकांनी नीट लक्ष द्यावे. सकाळचा स्वयंपाक, शेताची व गुराढोरांची कामे आटोपलेली आणि संध्याकाळची चूल पेटायची बाकी, अशी ती वेळ आहे. शिकविणारी गावातलीच सून. तिच्या वर्गात तिची स्वतःची सासूही पाटी घेऊन बसे. घरी सासूने सांगावे आणि सुनेने ऐकावे, शाळेत सुनेने सांगावे आणि सासूने ऐकावे! हसण्याजोगी गोष्ट आहे खरी, पण ज्या घरात असे घडते त्या घरातले बोलणे चालणे बदलल्यावाचून राहत नाही. शाळेभोवती झाडे लावून ती जगविण्याचे कामही या आजींनी केले. बँकेत अंगठ्याऐवजी सही करता येऊ लागली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली.

या शाळेची मला महत्त्वाची वाटणारी बाजू छायाचित्रात येत नाही. सत्तर वर्षे या बायकांना अडविले ते मेंदूने नव्हे. लहानपणी शाळेत घातले नाही, पुढे संसारात सवड मिळाली नाही, आणि सवड मिळाली तेव्हा लाज आड आली. एकटी आजी पाटी घेऊन बसली असती तर गाव हसले असते. तीसजणी एकाच रंगाची लुगडी नेसून निघाल्या तेव्हा हसणार कोण?

मेंदूविषयी शास्त्र काय म्हणते तेही सांगतो. अमेरिकेतील थॉर्नडाइक यांनी १९२८ सालीच प्रौढांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहून दाखविले की वय वाढले म्हणून शिकण्याची शक्ती नाहीशी होत नाही. वेग थोडा उणावतो. पुढे रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. एक, अगदी नवे कोडे झटपट सोडविणारी. ती तरुणपणी तेज असते आणि हळूहळू मंदावते. दुसरी, अनुभवाने साठत जाणारी, शब्दांची, माणसांची, व्यवहाराची जाण. ती उतारवयातही बराच काळ टिकते, पुष्कळदा वाढतेही. मोबाइलचे नवे बटण नातवाला आधी सापडते ते पहिल्या बुद्धीमुळे. स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांच्या बोलण्यात कोठे पाणी मुरते आहे हे नानीला आधी कळते ते दुसरीमुळे. केरळात २०१८ साली कार्त्यायनी अम्मा नावाच्या ९६ वर्षांच्या बाईंनी साक्षरतेची परीक्षा दिली आणि १०० पैकी ९८ गुण मिळविले. ते दोन गुण कोठे गेले याची चौकशी आपल्याकडील पालक नक्की करतील!

आता आपल्या घरात या. आपल्या कितीतरी दादी-नानी रोज सकाळी कुराणशरीफ उघडून वाचतात. सातव्या-आठव्या वर्षी मक्तबात शिकलेली अरबी अक्षरे त्यांना साठ वर्षांनीही अडत नाहीत. पण त्याच दादीला एस.टी.च्या पाटीवरचे ‘शहापूर’ वाचता येत नाही; शेजारच्या मुलाला विचारावे लागते. जिने एक लिपी आयुष्यभर जपली तिला दुसरी येणार नाही, असे म्हणायला आधार कोणता? शिवाय हा प्रश्न पाटीपुरता नाही. वारसाच्या कागदावर, हक्कसोडपत्रावर, बँकेच्या पावतीवर ती अंगठा उठविते. कागदात काय लिहिले आहे हे तिला दुसऱ्याच्या तोंडून कळते, आणि सांगणारा बहुधा त्या व्यवहारातला हिस्सेदारच असतो. अंगठा घेऊन झाल्यावर आयुष्याची जमाबेरीज समाधानाची करावी असे तिला सांगणे सोपे आहे.

या कामाला आपल्या समाजात परंपरा आहे, ती विसरली गेली आहे. मुंबईत कुलसुम सयानी (१९००–१९८७) यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून घरोघर जाऊन पडद्यातल्या स्त्रियांना साक्षर करण्याचे काम केले. नवसाक्षरांना वाचायला सोपे काही मिळावे म्हणून १९४० साली त्यांनी ‘रहबर’ हे पत्र काढले; ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. रेडिओवर गीतमाला सादर करणारे अमीन सयानी हे त्यांचे चिरंजीव. आईच्या या पत्राच्या कामात ते लहानपणी मदत करीत. ज्यांच्या सोप्या बोलीवर सारा देश लुब्ध झाला, त्यांनी ती घरातच, नव्याने वाचायला शिकणाऱ्या बायकांसाठी निघणाऱ्या कागदावर गिरविली.

पुरुषांविषयी थोडे. म्हातारपणी ते बायकांपेक्षा अधिक एकटे पडतात असे मला दिसते. बाईचे काम सुटत नाही. पुरुषाचे अठ्ठावन्नाव्या वर्षी एका सायंकाळी हार-नारळ देऊन सुटते. मग ओटा, वर्तमानपत्र आणि चिडचिड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ साली, ८६ व्या वर्षी, समता संघ स्थापन केला. कर्वे होणे सर्वांना साधणार नाही. परंतु आपल्या दोन तालुक्यांत निवृत्त शिक्षक, तलाठी, कंडक्टर, बँकेचे कर्मचारी कमी नाहीत. अर्ज कसा लिहावा, सातबारा कसा वाचावा, एवढे जरी त्यांनी आठवड्यातून एक दिवस शाळेत बसून दहावीच्या मुलांना शिकविले तरी दोघांचे काम होईल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी सरकारचा ‘उल्लास’ नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला असून त्यात स्वयंसेवकांनी शिकवावे अशी योजना आहे. त्याची माहिती शिक्षकांकडून घ्या, पण त्यासाठी थांबू नका. दुपारी दोन ते चार ही वेळ तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या घरातही आहे. सुरुवात अ-आ-इ-ई पासून करू नका. आधी दादीचे स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या. मग घरातल्यांची नावे, मग गावाचे नाव, मग एस.टी.ची पाटी. अक्षर चुकले तर लहान भावंडांदेखत हसू नका. ती एका दिवशी दोन अक्षरे शिकून तिसऱ्या दिवशी विसरली तर पुन्हा तीच द्या. शेजारच्या दोघीतिघींना बोलवा. एकटीला लाज वाटते हे फांगण्यावरून ध्यानात आलेच आहे. शिकताना तिला तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगू द्या आणि त्या तिच्याच शब्दांत वहीत उतरवा, म्हणजे तिला वाचायला धडाही तिचाच मिळेल.

आणि पाटी हाती देण्याआधी तिचे डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, म्हणून तर आपण चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. ‘मला आता येत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकींना खरे म्हणजे दिसत नसते. मोतीबिंदू असल्यास आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करून त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी, मग चष्मा, आणि मग पाटी.