खाडीपलीकडचे जुळे गाव



इंग्लंडमधील अनेक लहानमोठ्या गावांच्या वेशीवर गावाचे नाव सांगणारी जी पाटी असते, तिच्यावर त्या नावाखाली आणखी एक नाव लिहिलेले आढळते. हे दुसरे नाव शेजारच्या गावाचे नसते की जिल्ह्याचेही नसते. ते असते इंग्लिश खाडीपलीकडच्या, फ्रान्समधील एखाद्या गावाचे. त्या फ्रेंच गावाच्या वेशीवरही तशीच पाटी असते आणि तिच्यावर या इंग्रज गावाचे नाव असते. दोन्ही गावांनी एकमेकांना जुळे भावंड मानले आहे, असा या पाट्यांचा अर्थ होय. फ्रेंच भाषेत या संबंधाला ‘झ्युमलाज’ म्हणतात. जुळे करणे हाच त्या शब्दाचा अर्थ.

ज्या दोन देशांनी मध्ययुगातील शतवार्षिक युद्धापासून १८१५ च्या वॉटर्लूपर्यंत एकमेकांविरुद्ध वारंवार शस्त्र उचलले, त्यांच्याच गावांमध्ये हे नाते जुळावे ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. राष्ट्राराष्ट्रांतील तह राजधानीत होतात. गावागावांतील स्नेह कसा उभा राहतो, कशावर टिकतो आणि कशाने क्षीण होतो, हे समजून घेण्यास इंग्लंड-फ्रान्समधील या उपक्रमाचा शंभर वर्षांचा अनुभव फार उपयोगी पडतो.

मदतीतून जुळलेले नाते

८ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात सलोख्याचा करार झाला. त्यानंतर वर्षभरातच, १९०५ साली, यॉर्कशायर परगण्यातील कीथली या गिरणगावाने पॅरिसलगतच्या स्युरेन व प्युतो या गावांशी परस्पर भेटींचा संबंध जोडला. परंतु या मैत्रीला खरा आधार मिळाला तो पहिल्या महायुद्धातील विनाशातून. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी सोम नदीच्या खोऱ्यात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जवान मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांपैकी १९,२४० मृत्युमुखी पडले. त्या सैन्यात एकेका शहरातून एकत्र भरती झालेल्या तुकड्या होत्या. शेफील्ड शहराची पलटण त्या दिवशी सेर या खेड्यासमोर कापली गेली. शेफील्डमधील शेकडो घरांना फ्रान्सच्या नकाशावरील एका लहानशा खेड्याचे नाव अशा रीतीने कायमचे माहीत झाले.

युद्ध संपले तेव्हा उत्तर फ्रान्समधील शेतजमिनी तोफगोळ्यांच्या खड्ड्यांनी भरल्या होत्या आणि कित्येक गावांत उभी भिंत राहिली नव्हती. १९२० साली ब्रिटनमध्ये या उद्ध्वस्त भागाला साहाय्य करण्यासाठी एक संघटना स्थापन झाली. इंग्रज शहराने एखादे फ्रेंच गाव दत्तक घ्यावे, अशी तिची कल्पना होती. शेफील्डने सेर, प्युझ्यू आणि बापोम ही गावे दत्तक घेतली. बर्मिंगहॅमने अल्बेर, तर लंडनने व्हर्डन. कीथलीने प्वा-द्यु-नॉर या गावाचा स्वीकार केला. आधुनिक काळातील पहिले नोंदलेले जुळे नाते म्हणून कीथली आणि प्वा-द्यु-नॉर यांच्या १९२० च्या या संबंधाचाच उल्लेख केला जातो. मात्र त्यांनी मैत्रीच्या रीतसर सनदांची देवाणघेवाण केली ती १९८६ मध्ये. म्हणजे नाते आधी आणि कागद तब्बल सहासष्ट वर्षांनी, असा क्रम येथे दिसतो.

दत्तक या शब्दात देणारा आणि घेणारा असा भेद राहतोच. जुळे या शब्दात तो उरत नाही. दत्तक गावापासून जुळ्या गावापर्यंतचा प्रवास घडण्यास दुसरे महायुद्ध व्हावे लागले.

बाँब आणि सनद

१९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्सची मुक्तता झाली; परंतु त्या मुक्ततेची किंमत अनेक फ्रेंच शहरांना मित्रराष्ट्रांच्याच बाँबहल्ल्यांत मोजावी लागली. ल हाव्र हे बंदर ५ व ६ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी जमीनदोस्त केले. सुमारे दोन हजार नागरिक मरण पावले आणि आठवड्याभराने, १२ सप्टेंबरला, शहर मुक्त झाले. नॉर्मंडीतील काँ शहराचीही तीच गत झाली होती. मुक्त करणाऱ्यांच्याच हातून घर गेले आणि माणसेही गेली, हे दुःख मोठे विचित्र असते. त्याचा निषेध करता येत नाही आणि त्याचा विसरही पडत नाही.

अशा शहरांना पुढे जुळी भावंडे मिळाली ती खाडीपलीकडचीच. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन बाँबहल्ल्यात जळालेल्या कॉव्हेंट्री शहराने १९५७ साली काँशी नाते जोडले. १९४१ मध्ये बेचिराख झालेले प्लिमथ आणि १९४४ च्या वेढ्यात नष्ट झालेले ब्रेस्त ही दोन्ही आरमारी बंदरे. ती १९६३ साली जुळी झाली. साउदॅम्प्टनने १९७३ साली ल हाव्रशी करार केला. बाँब कोणाचे होते, हा प्रश्न या करारांनी पुसून टाकला नाही. तो प्रश्न मनात असतानाही एकमेकांच्या घरी जाता येते, एवढे मात्र त्यांनी दाखवून दिले.

याच काळात चळवळीला संघटित रूप आले. फ्रेंच प्रतिकार लढ्यात भाग घेतलेले झाँ-मारी ब्रेसाँ यांनी १९५१ साली ‘द्विभाषिक जग’ या अर्थाच्या नावाची संस्था काढली. फ्रेंच मुलांनी इंग्रजी आणि इंग्रज मुलांनी फ्रेंच शिकावी, आणि त्यासाठी गावांनीच गावांशी संबंध जोडावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी जिनिव्हा येथे युरोपातील नगरपालिकांची परिषद स्थापन झाली. १९५७ मध्ये ए-ले-बँ येथे जुळ्या नगरांचा जागतिक महासंघ अस्तित्वात आला. दरम्यान यॉर्कने १९५३ साली दिजोंशी, कँटरबरीने १९६२ साली रँसशी आणि लीड्सने १९६८ साली लीलशी नाते जोडले. कँटरबरी व रँस या दोन्ही प्राचीन कॅथीड्रलांच्या नगरी, आणि दोघींनीही युद्धाची झळ सोसलेली. लीड्स व लील ही कापडगिरण्यांची शहरे. समान व्यवसाय, समान आकार किंवा समान दुःख पाहून जोड्या जुळविण्याची पद्धत यातून दिसून येते.

पाहुणचाराची व्यवस्था

या उपक्रमाचे रोजचे स्वरूप अगदी साधे आहे. गावात एक मैत्री समिती असते. शिक्षक, दुकानदार, निवृत्त कर्मचारी, बँडपथकातील वादक, फुटबॉल संघाचे चालक असे लोक तिचे सभासद असतात. एका वर्षी इंग्रज मंडळी बसने आणि बोटीने फ्रान्सला जातात. पुढच्या वर्षी फ्रेंच मंडळी इंग्लंडला येतात. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा खुला झाल्यापासून प्रवास अधिक सोपा झाला. नगरभवनात स्वागत होते, महापौरांची भाषणे होतात, युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते.

पण या साऱ्याचा कणा म्हणजे पाहुण्यांची उतरण्याची व्यवस्था. पाहुणे हॉटेलात उतरत नाहीत, घरी उतरतात. यजमानांची भाषा पाहुण्याला अर्धवट येते, पाहुण्याची यजमानांना त्याहून कमी. तरीही तीन दिवस एकाच घरात राहावे लागते, एकाच टेबलावर जेवावे लागते. न्याहारीला काय खातात, रात्रीचे जेवण किती वाजता होते, आजीला कोणत्या शब्दाने हाक मारतात, या लहान गोष्टींतून परका माणूस ओळखीचा होतो. पहिल्या भेटीत पाहुणे म्हणून आलेली मुले पुढे स्वतः यजमान होतात. नगरपालिका मैत्रीचा करार करू शकते. तो पाळण्याचे काम मात्र स्वयंपाकघरातच होते.

दोन देश, दोन प्रकारचे स्वराज्य

पंचायतींचा कारभार पाहणाऱ्यांना येथे एक भेद विशेष लक्षात घेण्याजोगा वाटेल. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. अगदी लहान खेड्यालाही स्वतःची निवडलेली परिषद आणि स्वतःचा महापौर असतो. या महापौराची मुदत सहा वर्षांची असते आणि त्याच्या हाती खरे कार्यकारी अधिकार असतात. इंग्लंडमध्ये गावपातळीवर सुमारे दहा हजार पॅरिश व नगर परिषदा आहेत. पण नगराचा महापौर बहुधा एका वर्षासाठी निवडला जातो आणि त्याचे पद मुख्यतः मानाचे असते.

याचा परिणाम मैत्रीच्या कामावरही होतो. फ्रेंच बाजूला नगरपालिका पुढे असते. सभागृह, मेजवानी, वाहन यांची तरतूद ती करते. इंग्रज बाजूला बहुतेक भार स्वयंसेवकांच्या समितीवर पडतो. वर्गणी गोळा करणे, चहापानाचे कार्यक्रम करून निधी जमविणे, हे सभासदच करतात. म्हणून फ्रेंच गावाला इंग्रज परिषद उदासीन वाटते, तर इंग्रज समितीला फ्रेंच पाहुणचाराची बरोबरी कशी करावी याची चिंता लागते. कोणाचाही दोष नसताना निर्माण होणारे हे गैरसमज, एकमेकांची शासनव्यवस्था समजावून घेतल्यानेच दूर होतात.

ठराव रद्द होतो तेव्हा

या उपक्रमावर टीकाही झाली आहे आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. लोकांच्या करातून नगरसेवकांच्या परदेशवाऱ्या होतात, हा आक्षेप इंग्लंडमध्ये वारंवार घेतला गेला. २००९ साली डाँकास्टरच्या नवनिर्वाचित महापौरांनी शहराचे जुळे संबंध खर्चाच्या कारणावरून संपविले. २०११ मध्ये हर्टफर्डशायरमधील बिशप्स स्टॉर्टफर्ड या गावाच्या परिषदेने फ्रान्समधील व्हिलिए-स्युर-मार्न आणि जर्मनीतील फ्रीडबेर्ग या दोन्ही गावांशी असलेले नाते संपवीत असल्याचे कळविले. हा संबंध १९६५ पासूनचा होता. जे नाते उभे राहण्यास सुमारे सेहेचाळीस वर्षे लागली, ते मोडण्यास एक निर्णय पुरेसा झाला.

तथापि सगळा दोष परिषदांवर ठेवणे योग्य होणार नाही. समित्यांचे सभासद वृद्ध होत गेले आणि त्यांच्या जागी तरुण फारसे आले नाहीत. स्वस्त विमानप्रवासामुळे परदेश पाहण्यासाठी जुळ्या गावाची गरज उरली नाही. २००४ पासून इंग्लंडमधील शाळांत चौदा वर्षांनंतर परकी भाषा शिकणे ऐच्छिक झाले आणि शालान्त परीक्षेला फ्रेंच घेणाऱ्यांची संख्या पुढील काळात निम्म्याहून खाली आली. पाहुण्या मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांची पार्श्वभूमी तपासण्याचे नियमही कडक झाले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते; पण त्यामुळे कित्येक शाळांनी घरी राहण्याऐवजी वसतिगृहाचा मार्ग पत्करला. जे स्वयंपाकघरात घडत होते, त्याची संधीच कमी झाली.

सीमेवरील एक छोटा कागद

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. जुळ्या गावांच्या भेटींसाठी संघाकडून मिळणाऱ्या अनुदानाचा मार्ग त्यामुळे बंद झाला. त्याहून मोठा फटका १ ऑक्टोबर २०२१ पासून बसला. तोपर्यंत फ्रेंच शाळकरी मुले साध्या राष्ट्रीय ओळखपत्रावर इंग्लंडला येत असत. त्या दिवसापासून प्रत्येक मुलाला पासपोर्ट आवश्यक झाला, आणि वर्गातील काही परदेशी नागरिकत्वाच्या मुलांना व्हिसाही काढावा लागू लागला. साऱ्या वर्गाने जायचे आणि दोघा-तिघांनी मागे राहायचे, हे कोणत्याच शिक्षकाला रुचणारे नव्हते. अनेक फ्रेंच शाळांनी सहल आयर्लंडकडे वळविली.

मार्च २०२३ मध्ये पॅरिस येथे दोन्ही देशांच्या प्रमुखांची भेट झाली, तेव्हा हा विषय चर्चेत आला. २८ डिसेंबर २०२३ पासून फ्रान्समधील शालेय गटांना ओळखपत्रावर येण्याची मुभा पुन्हा मिळाली आणि त्यांच्या परदेशी वर्गमित्रांना व्हिसातून सूट देण्यात आली. दोन्ही देशांच्या नेत्यांच्या बैठकीत शाळेच्या सहलीला जागा मिळावी, यावरून गावपातळीवरील या संबंधांचे मोल दोन्ही सरकारांना उमगले होते असेच म्हणावे लागेल.

समारोप

शहराशहरांतील अशी नाती महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. मुंबई आणि जर्मनीतील श्टुटगार्ट या शहरांचे नाते १९६८ पासूनचे आहे. परंतु इंग्लंड-फ्रान्समधील अनुभवाचे वैशिष्ट्य असे की, तेथे हे काम महानगरांपुरते न राहता कीथलीसारख्या गिरणगावापर्यंत आणि प्वा-द्यु-नॉरसारख्या खेड्यापर्यंत पोहोचले.

त्या अनुभवाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. सनद, पाटी आणि पुष्पचक्र यांना त्यांचे स्थान आहे. पण नाते जगते ते ज्या घरात परक्या गावाच्या पाहुण्यासाठी अंथरूण घातले जाते, तेथे. दर पिढीने ते अंथरूण नव्याने घालावे लागते. ज्या गावांत शाळेने, शिक्षकाने आणि समितीने मिळून पुढच्या मुलांना या कामात ओढले, तेथे परिषद बदलली, कायदे बदलले, तरी मे महिन्यात बस निघतेच. जेथे हे काम केवळ पदाधिकाऱ्यांच्या भेटींपुरते राहिले, तेथे वेशीवरची पाटी तेवढी शिल्लक उरते.