पाण्याकाठचा प्रश्न

 

आम्ही दोघी धरणाकाठच्या. एक करमाळ्याच्या अंगाची, एक माढ्याच्या. सध्या पुण्याला ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकतो. गावात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नर्सिंग का?" नर्सिंग नाही, पाळक होण्याचं शिक्षण. पाळक म्हणजे मंडळीची उपासना चालवणारा, लग्न लावणारा, माती देणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा. काही मंडळ्यांत बाईला पाळक करतात, काहींत अजून नाही. आमचं काय होतं ते पुढचं पुढं.

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. आमच्या दोघींच्याही आज्यांची घरं पाण्याखाली गेली. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना बदल्यात जमिनी मिळाल्या, थोड्या का असेनात. आमच्या घरच्यांकडे सातबाराच नव्हता. नव्या गावठाणात एक जागा मिळाली, तेवढीच. पहिल्या वर्षी वसतिगृहातून सुट्टीला आलो तेव्हा नवं शिकलेलं तोंडात होतं. आत्याला म्हटलं, "देवाची काही योजना असेल." ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "जमीन देवानं कुठं नेली? धरणानं नेली. त्याला कशाला मधी आणता?" एवढं नेमकं आम्हाला वर्गातही कुणी सांगितलं नव्हतं.

पण सांगायचंय ते गेल्या उन्हाळ्याचं. सुट्टीत आम्हाला गावोगावच्या मंडळ्यांत कामाला पाठवतात. त्याच दिवसांत शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा मासेमारीला गेला आणि वाऱ्यात होडी उलटली. दुसऱ्या दिवशी सापडला. आई माळकरी, दरसाल पंढरीला जाणारी. आमच्या मंडळीतली नव्हे, पण ओळखीची. आम्ही गेलो. दारात एकानं अडवलं, "धर्मात घ्यायला आलात का?" आम्ही म्हटलं, पाणी भरायला आलोय. खरंच भरलं. नळाला तिथं चार दिवसांतून एकदा पाणी यायचं, आणि समोर एवढं मोठं धरण.

तिसऱ्या दिवशी ती माउली आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमचा देव पाण्यावरनं चालत गेला म्हणतात. मग माझ्या लेकराला हात का नाही दिला?"

दुःखितांशी कसं बोलावं याचा एक अख्खा विषय आम्हाला आहे. त्यात मार्कही बरे होते. त्या घडीला एक शब्द सुचला नाही. एकीनं तिचा हात धरला, दुसरी चुलीपाशी जाऊन उगीच लाकडं सारत बसली.

पुण्याला परतल्यावर बरेच दिवस आम्हाला प्रार्थना जमेना. सकाळच्या उपासनेत ओठ हलायचे, बस्स. लपवून काय करायचं? पुढं हिब्रूच्या तासाला ईयोबाचं पुस्तक लागलं. त्याची लेकरं मेली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. चूक झाली ती नंतर, त्याला समजावायला तोंड उघडलं तेव्हा. आणि स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी देवाशी भांडणारी. कुठं आहेस, का झोपलास, असं थेट विचारणारी. आम्ही लहानपणी गोड तेवढीच पाठ केली होती.

तुमच्यातल्या कितीतरी जणींना हे नवं नाही. जनाबाईनं विठोबाला काय कमी बोललंय?

जेऊरहून पॅसेंजरनं पुण्याला निघालं की दौंड, पाटस मागं पडल्यावर केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार पोरी, विधवा बाया केडगावला आणल्या. मग हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत केलं, साध्या बाईला वाचता यावं म्हणून. खिळे जुळवायला, छापायला तिथल्याच बाया. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी बाई कामाला लागलेल्या राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ला वारल्या. पुस्तक पुरं छापून निघालं १९२४ साली. लेकीमागच्या त्या आठ-नऊ महिन्यांत, ही भांडणाची स्तोत्रं डोळ्यांखालून जाताना त्यांच्या मनात काय आलं असेल, असं गाडी केडगावला थांबली की आमच्या मनात येतं.

आमची श्रद्धा गेली नाही. पण पूर्वीसारखी टापटिपीची राहिलेली नाही. आता प्रार्थनेत आम्ही त्या पोराचं नाव घेतो आणि त्याच्या आईचा प्रश्न तसाच विचारतो. उत्तर आलेलं नाही.

दिवाळीत पुन्हा तिच्याकडे गेलो होतो. फराळ काहीच नव्हता, चहा केला तिनं. आम्ही एक भांडणाचं स्तोत्र वाचून दाखवलं, विचारूनच. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ह्यो माणूस आपल्यातलाच दिसतोय." मग म्हणाली, औंदा आषाढीला जायचं का नाही, अजून ठरत नाही.