खिन्न मन आणि स्मृति



आजच्या महोत्सवास जे घराबाहेर पडूं शकले नाहींत, त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलतों.

कर्ता पुरुष पत्राची एकच ओळ तीनदां वाचतो. कालवण कोणतें करावें, हेंही गृहिणीस ठरवितां येत नाहीं. घरचे म्हणतात, "आळस आला," अथवा "श्रद्धा उणावली." हा न्याय नव्हे. दीर्घ खिन्नता हा रोग आहे. तो चित्त एकाग्र होऊं देत नाहीं व विचारांची गति मंदावितो. जें मनांत नीट शिरलेंच नाहीं, तें आठवावें कोठून?

वृद्धांत तर हें बुद्धिभ्रंशासारखें भासतें. १९६१ सालीं डॉ. किलोह यांनीं अशा फसव्या बुद्धिभ्रंशावर निबंध लिहिला. खिन्न मनुष्य विस्मरणाची तक्रार बहुधा स्वतःच करितो. बुद्धिभ्रंशाच्या रोग्यास पुष्कळदां त्याची जाणीवच नसते. तथापि निवाडा डॉक्टरांनींच करावा.

औषधाचा गुण यावयास कांहीं आठवडे लागतात. मन हंसूं लागलें तरी स्मृति कधीं कधीं मागाहून परतते. तोंवर एका वेळीं एकच काम सांगा, तें कागदावर लिहून द्या, जमीनजुमल्याचे निर्णय लांबणीवर टाका. जीव नकोसा झाल्याचे शब्द कानीं पडल्यास त्याला एकटें सोडूं नका; १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य साह्य मिळतें. "आठव पाहूं" असा धाक मात्र घालूं नका, शेजारीं बसा.