चंचल मुलाची जमेची बाजू



ज्याच्या पायाला भिंगरी आहे, जो रोज शाळेतून काहीतरी हरवून येतो, ज्याला तिसरी हाक मारावी तेव्हा पहिली ऐकू जाते, असे एखादे मूल आपल्या घरात नसले तरी शेजारी असतेच. त्याला आपण वांड म्हणतो, द्वाड म्हणतो, आणि ‘तुम्हीच लाडावून ठेवलाय’ असे त्याच्या आईला सुनावून मोकळे होतो. पुष्कळ मुले वयानुसार स्थिरावतात. परंतु काहींच्या बाबतीत हा निवाडा सपशेल चुकीचा असतो. त्यांच्या या अवस्थेला वैद्यकात अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता म्हणतात. डॉक्टरमंडळींच्या तोंडी तिचे नाव एडीएचडी.

लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर व्याख्याने दिली. मुलांची बुद्धी शाबूत असते, हे त्यांनी हेरले. पण दोष मात्र नैतिक संयमाच्या उणिवेला दिला. आज हे मत मागे पडले आहे. ही अवस्था पुष्कळ अंशी आनुवंशिक आहे, मेंदूतील लक्ष आवरणाऱ्या व्यवस्थेशी तिचा संबंध आहे, आणि जगभरात शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत ती आढळते. मुलींत ती अनेकदा धावपळीच्या रूपाने दिसत नाही. मुलगी नुसती खिडकीबाहेर बघत बसते, आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुष्कळांची ही अवस्था मोठेपणीही सुटत नाही.

मग हिच्यात जमेचे काय आहे? ‘हे तर वरदान आहे’ असे म्हटले तर आपण टाळ्या द्याल, पण ते खरे होणार नाही. अर्धवट राहिलेली कामे, अपघात, मोडलेली नाती, परीक्षेतले अपयश ही खर्चाची बाजू मोठी आहे. तरीपण वहीला दुसरे पानही असते. या मुलाजवळ लक्ष नसते असे नव्हे, ते त्याच्या हुकमात नसते. मन रमले की तेच मूल जेवणखाण विसरून तासन्‌तास एका कामात बुडते. नवे काही दिसले की ते त्याच्या नजरेत आधी भरते; इतर विचार करीत उभे असतात तेव्हा हे पाण्यात उतरलेले असते. अशा प्रौढांशी अभ्यासक बोलले, तेव्हा उत्साह, कुतूहल आणि धाडस यांचा उल्लेख त्यांनी स्वतःच केला.

मात्र ही जमा आपोआप होत नाही. तिला सोयीची मांडणी लागते, आणि तिचा उत्तम धडा आपल्या चिखले गावाच्या जवळच घडला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा अनुताई वाघ आणि त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरांमागे रानात असत, म्हणून शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. शिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य झाले. ती मुले एडीएचडीची होती असे आमचे म्हणणे नाही. मूल बसत नाही याचा अर्थ मूल शिकत नाही असा होत नाही, एवढेच त्या प्रयोगातून आम्ही घेतो.

याचा अर्थ अशा मुलाला शाळेतून काढून होडीवर किंवा चिकूच्या वाडीत धाडावे, असा कोणी काढू नये. शिक्षणाची गरज त्यालाच अधिक आहे. गणिते वीस द्यायची असतील तर पाच-पाच करून द्यावीत, मध्ये त्याला माठातले पाणी भरू द्यावे. सूचना एका वेळी एकच, आणि दिवसाचा क्रम भिंतीवर लिहिलेला असावा. चूक झाल्या दिवशी बोलतो, तसे काम पुरे झाल्या दिवशीही बोलावे. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा मानसतज्ज्ञांना दाखवावे. त्यांनी औषध सुचवले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मधुमेहाची गोळी घेताना आपण कुठे लाजतो?

दिवसातून दहा वेळा ‘तू वाईट आहेस’ हे ऐकणारे मूल एक दिवस ते मान्य करते. मग त्याचे कुतूहल विझते, धाडसाचा हूडपणा होतो, आणि चंचलता तेवढी शिल्लक उरते. जमेची बाजू बुडते ती अशी, आणि तिला बुडवणारे हात बहुधा आपल्या माणसांचेच असतात. आज घरी परतल्यावर त्या मुलाने दिवसभरात कशाकडे मन लावून पाहिले, एवढेच त्याला विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.